लिनक्स डेस्कटॉप झोपत नाही, झोपला तर उठत नाही: सस्पेंड दुरुस्त करायची रीत

'लिनक्समध्ये स्लीप चालत नाही' या एका वाक्यात किमान चार वेगळे बिघाड लपलेले असतात. मशीन झोपायलाच तयार नसतं. किंवा झोपतं आणि दोन सेकंदांत टक्क जागं होतं. किंवा गाढ झोपतं आणि मग काहीही दाबा, पडदा काळाच. किंवा नीट उठतं, पण वायफाय नाहीतर आवाज मागेच राहतो. या चारांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. तरी बहुतेक जण इंटरनेटवर सापडलेला पहिला कर्नल पॅरामीटर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, बूट होताना दिलेली सूचना) ग्रबमध्ये, म्हणजे मशीन बूट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चिकटवतात, तो लागू पडला नाही की दुसरा, मग तिसरा. महिन्याभराने त्या ओळीत सहा-सात शब्द जमलेले असतात आणि कुठला कशासाठी टाकला ते कुणालाच आठवत नाही.

म्हणून आधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधायचं आणि मगच हात लावायचा. एका वेळी एकच बदल करायचा.

कमांड खाली उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या, वेगळं सांगितलेलं नसेल तिथे सगळी अक्षरं स्मॉल. फाइलच्या पत्त्यातलं 'सिस' म्हणजे एस-वाय-एस, 'प्रॉक' म्हणजे पी-आर-ओ-सी.

कोणती झोप?

डेस्कटॉपवर दोन झोपा महत्त्वाच्या. पहिली एस-३, लिनक्स तिला 'डीप' म्हणतं. हिच्यात प्रोसेसर, डिस्क, पंखे सगळं बंद होतं, फक्त रॅमला एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) ५ व्होल्ट स्टँडबाय लाइनवरून वीज मिळत राहते. दुसरी 'एस-२-आयडल'. हिच्यात कर्नल सगळ्या प्रोग्रॅमना थिजवतो, डिव्हाइसना कमी विजेवर टाकतो आणि प्रोसेसरला रिकामं बसवतो, पण मशीन तांत्रिकदृष्ट्या चालूच असतं. लॅपटॉपवर आजकाल हीच जास्त. डेस्कटॉपवर हिचा फायदा कमी, कारण अनेक मशीनचे पंखे तसेच फिरत राहतात. सस्पेंड केल्यावर पडदा गेला पण कॅबिनेटचा पंखा घुं घुं करतोय, तर मशीन एस-२-आयडलमध्ये असण्याची शक्यता मोठी, नाहीतर ते झोपेच्या वाटेवरच अडकलंय.

आपल्याकडे काय आहे ते असं कळेल:

कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप

उत्तरात 'एस२आयडल' आणि 'डीप' असे शब्द दिसतील. ज्याभोवती चौकोनी कंस, ती सध्याची निवड. 'डीप' यादीत आहे पण निवडलेलं नाही, तर तात्पुरतं बदलून पाहा:

इको डीप | सुडो टी /सिस/पॉवर/मेम_स्लीप

इथला 'टी' म्हणजे टी-ई-ई. हा बदल रीबूटनंतर पुसला जातो आणि प्रयोगासाठी तेच सोयीचं. चाललं, तर ग्रबच्या कर्नल ओळीत 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' घालून कायमचं करता येतं. उबुंटू, मिंट, डेबियनवर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल बदलून 'सुडो अपडेट-ग्रब', फेडोरावर 'ग्रबी' कमांड. घाई नको मात्र. बूट होताना ग्रबच्या मेन्यूत 'ई' दाबून ती ओळ फक्त एका बूटपुरती बदलता येते. कुठलाही पॅरामीटर आधी तसा तपासावा.

यादीत 'डीप' नसेलच, तर कर्नल ते हवेतून आणू शकत नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) 'सस्पेंड टू रॅम' किंवा 'एसीपीआय स्लीप स्टेट' असा पर्याय आहे का ते पाहा, जुन्या बोर्डांवर तो कधीकधी एस-१ या हलक्या झोपेवर ठेवलेला किंवा बंद असतो. बायोसच एस-३ देत नसेल तर एस-२-आयडलवर समाधान मानावं लागतं.

आणखी एक, जे पुढे पुन्हा येईल: एस-३ मध्ये तुमचं उघडं काम फक्त रॅममध्ये असतं. वीज गेली की काम गेलं.

पहिली चाचणी

उघडी कामं सेव्ह करा. मेन्यूतून सस्पेंड करून कीबोर्डवर बोट आपटत बसण्यापेक्षा घड्याळाकडून उठवून घ्या:

सुडो आरटीसीवेक -एम नो -एस ४०
सिस्टमसीटीएल सस्पेंड

पहिली कमांड मदरबोर्डच्या घड्याळात चाळीस सेकंदांनंतरचा अलार्म लावते, दुसरी झोपवते. बऱ्याच ठिकाणी 'आरटीसीवेक -एम मेम' ही एकच कमांड सुचवलेली दिसेल. ती सिस्टमडीला (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) बाजूला ठेवून थेट कर्नलला झोपायला सांगते, त्यामुळे सिस्टमडीच्या ज्या सेवा झोपेआधी चालायला हव्यात त्या चालतच नाहीत. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर त्यातून नसलेला बिघाड दिसू शकतो. म्हणून मी दोन कमांडवालीच रीत वापरतो.

चाळीस सेकंदांनी मशीन व्यवस्थित उठलं, तर मोठी चिंता मिटली: कर्नल, ड्रायव्हर, बायोस ठीक आहेत, आणि प्रश्न कीबोर्ड-माउसला उठवायची परवानगी नसण्याचा किंवा डेस्कटॉपच्या सेटिंगचा आहे. चार-पाच सेकंदांतच परत आलं, तर कुणीतरी त्याला उठवतंय किंवा कर्नलने झोपायला नकार दिला. आलंच नाही, तर खरं काम पुढे आहे.

मग लॉग:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी | ग्रेप पीएम:

'पीएम' कॅपिटलमध्ये. बटण दाबून रीस्टार्ट करावं लागलं असेल तर '-बी' पुढे '-१' लिहा, म्हणजे आधीच्या बूटचा लॉग दिसेल. यात 'सस्पेंड एंट्री' आणि 'सस्पेंड एक्झिट' या दोन ओळी शोधायच्या. एंट्रीच नसेल, तर झोपेची विनंती कर्नलपर्यंत पोचलेलीच नाही, वरच कुणीतरी अडवली. एंट्री आणि एक्झिट दोन्ही आहेत आणि मध्ये एखादं डिव्हाइस 'फेल्ड टू सस्पेंड' असल्याची तक्रार आहे, तर गुन्हेगाराचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. दोन्ही आहेत, तक्रार नाही आणि मध्ये 'वेकिंग अप फ्रॉम सिस्टम स्लीप स्टेट एस३' अशी ओळ आहे, तर मशीन खरोखर झोपलं होतं आणि कुणीतरी उठवलं.

शेवटची ओळ 'एंट्री' असेल आणि पुढे काहीच नसेल, तर सावध. झोपताना अडकलं की उठताना, हे यावरून कळत नाही. डिस्क आधीच झोपवलेली असते, त्यामुळे नंतरचं काही लिहून ठेवायला जागाच नसते. 'लॉगमध्ये काहीच एरर नाही' असं म्हणत लोक इथेच अडकतात. याचा उपाय पुढे येतो.

झोपायलाच तयार नसेल तर

सस्पेंडला कुणी हरकत घेतलीय का, ते विचारा:

सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट

शेवटच्या रकान्यात 'डिले' असेल तर दुर्लक्ष करा. नेटवर्कमॅनेजर, यूपॉवर अशी मंडळी तिथे नेहमीच असतात, त्यांना फक्त आवराआवर करायला क्षणभर हवा असतो. 'ब्लॉक' दिसला तर मात्र बघा. व्हिडिओ चालू असलेला ब्राउझर, डाउनलोड करणारा प्रोग्रॅम, पॅकेज अपडेट करणारी सेवा, अशांपैकी कुणीतरी असतं.

मेन्यूतून सस्पेंड होतं पण आपोआप होत नाही, तर प्रश्न डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगचा, कर्नलला दोष देऊ नका. उलटाही प्रकार आहे: लॉगिन न करता ठेवलेलं मशीन थोड्या वेळाने आपोआप झोपतं. ग्नोमच्या लॉगिन पडद्याची पॉवर सेटिंग वेगळी असते, तुमच्या खात्यात काहीही निवडलं तरी ती बदलत नाही. घरातल्या डेस्कटॉपवर दुसऱ्या मशीनमधून एसएसएच करणाऱ्यांना, म्हणजे नेटवर्कवरून टर्मिनल उघडणाऱ्यांना, याचा फटका बसतो.

अशा मशीनवर पूर्वी कुणीतरी 'सर्व्हर कधी झोपू नये' म्हणून झोपेची टार्गेट (सिस्टमडीतले झोपेचे टप्पे) मास्क करून, म्हणजे पूर्ण बंद करून, ठेवलेली असतात. सेकंड हँड घेतलेल्या किंवा दुसऱ्याने बसवून दिलेल्या मशीनवर हे पाहाच:

सिस्टमसीटीएल स्टेटस स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट

'मास्क्ड' दिसलं, तर 'सुडो सिस्टमसीटीएल अनमास्क' आणि पुढे त्या दोन टार्गेटची नावं. काम झालं.

कर्नलनेच नकार दिला असेल तर लॉगमध्ये बहुधा 'फ्रीझिंग ऑफ टास्क्स फेल्ड आफ्टर २०' किंवा त्यासारखी ओळ सापडते. झोपण्याआधी कर्नल सगळ्या प्रोग्रॅमना थिजवतो आणि त्यासाठी वीस सेकंद थांबतो. एखादा प्रोग्रॅम डिस्कच्या किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत अडकला असेल तर तो थिजत नाही. नेहमीचं कारण म्हणजे बंद पडलेल्या मशीनवरचा जोडलेला फोल्डर: एनएफएस, सांबा किंवा एसएसएचएफएस. पलीकडचा संगणक बंद केला, इकडचा माउंट तसाच राहिला. 'यूमाउंट -एल' (यू-एम-ओ-यू-एन-टी) ने सोडवा आणि पुन्हा झोपवून पाहा.

लगेच जागं होत असेल तर

डेस्कटॉपवरची ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि सुदैवाने सगळ्यात हमखास सुटणारी.

कॅट /प्रॉक/एसीपीआय/वेकअप

मशीनला उठवू शकणाऱ्या हार्डवेअरची ही यादी. पहिल्या रकान्यात लहानशी सांकेतिक नावं, मग झोपेची पातळी, मग 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड', शेवटी पीसीआय पत्ता, म्हणजे त्या डिव्हाइसचा बोर्डावरचा पत्ता. एक्सएचसी किंवा तसं काही म्हणजे यूएसबी कंट्रोलर. जीएलएएन म्हणजे नेटवर्क पोर्ट. जीपीपी० किंवा पीईजी० म्हणजे पीसीआय एक्सप्रेसचे पूल, ज्यांच्यामागे ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) असते. गिगाबाइटच्या बी५५० बोर्डांवर जीपीपी० मुळे मशीन क्षणात उठतं, हे आता इतकं प्रसिद्ध आहे की तो बोर्ड असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

या फाइलमध्ये नाव लिहिलं की त्याची स्थिती उलटी होते, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू:

इको जीपीपी० | सुडो टी /प्रॉक/एसीपीआय/वेकअप

नाव यादीत आहे तसंच, कॅपिटलमध्ये. एक नाव बंद करा, झोपवा, पाहा. फरक नाही पडला तर ते पुन्हा चालू करून पुढचं घ्या. सगळी एकदम बंद केलीत तर मशीन झोपेल खरं, पण कुणामुळे उठत होतं ते कळणार नाही आणि कीबोर्डने उठवायची सोयही जाईल.

नाव सापडलं की ते कायमचं बंद कसं ठेवायचं? वरची 'इको' ओळच बूटच्या वेळी चालवणारी सेवा लिहा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी असतो. मला तो पटत नाही, कारण ती ओळ स्थिती उलटवते. काही कारणाने दोनदा चालली की पुन्हा पहिल्या जागी. त्यापेक्षा यादीतला पीसीआय पत्ता घ्या, समजा तो ००००:००:०१.१ आहे, आणि /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी या फोल्डरमध्ये 'वेकअप.कॉन्फ' नावाची फाइल करून तिच्यात ही एकच ओळ लिहा:

डब्ल्यू /सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/००००:००:०१.१/पॉवर/वेकअप - - - - डिसेबल्ड

ही शंभरदा चालली तरी परिणाम एकच. रीबूट करून यादी पुन्हा पाहा. पुलांच्या बाबतीत हे टिकतं. यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर उशिरा लोड होऊन पुन्हा 'एनेबल्ड' करत असेल तर यूडेव्हचा (डिव्हाइस सापडलं की त्याला ठरलेल्या सेटिंग लावणाऱ्या व्यवस्थेचा) नियम लिहावा लागतो.

दोषी यूएसबी कंट्रोलर निघाला, तर तो सरसकट बंद करण्याआधी थोडं खोल जा. त्याच्यामागे माउस, कीबोर्ड, ब्लूटूथचा डोंगल, गेमचा कंट्रोलर असं बरंच काही असतं आणि बहुतेकदा एकटा माउसच वात्रट असतो. टेबलावर कप ठेवला, दार आपटलं, की सेन्सरला हालचाल दिसते आणि मशीन उठतं. एकेक काढून झोपवून पाहा. माउसच असेल तर त्याचा व्हेंडर क्रमांक आणि प्रॉडक्ट क्रमांक 'एलएसयूएसबी' मध्ये सापडतो, आणि त्या दोन क्रमांकांवर यूडेव्हचा नियम लिहून फक्त त्याच्या 'पॉवर/वेकअप' ला 'डिसेबल्ड' करता येतं. कीबोर्ड उठवायला मोकळा राहतो.

नेटवर्ककडून उठत असेल तर 'सुडो ईथटूल' आणि पुढे पोर्टचं नाव. 'वेक-ऑन' समोर 'जी' असेल तर वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून उठवण्याची सोय, चालू आहे. तुम्ही ते वापरत नसाल तर 'सुडो ईथटूल -एस', पोर्टचं नाव, 'डब्ल्यूओएल डी'. कायमचं करायचं तर नेटवर्कमॅनेजरच्या त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये.

रात्री ठरावीक वेळी उठणारं मशीन हा वेगळा मामला. तिथे हार्डवेअर नाही, घड्याळ उठवतं. /सिस/क्लास/आरटीसी/आरटीसी०/वेकअलार्म यात आकडा आहे का पाहा, 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' ची वेळ जुळते का पाहा, आणि बायोसमध्ये ठरलेल्या वेळी चालू होण्याचा पर्याय कुणी लावून ठेवलाय का तेही.

उठतच नसेल तर

मशीन मेलंय की फक्त पडदा, हे आधी ठरवा. कीबोर्डचं नमलॉक दाबा. दिवा चालू-बंद होतोय तर कर्नल जिवंत आहे. वायफायवर असलेल्या फोनवरून पिंग किंवा एसएसएच करून पाहिलंत तर आणखी पक्कं कळेल, म्हणून प्रयोगाला बसण्याआधी एसएसएच सर्व्हर चालू करून ठेवा. आत जाता आलं तर कर्नलचा लॉग तिथूनच वाचता येतो.

फक्त पडदा काळा असेल: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा, मग पुन्हा एफ१ किंवा एफ२ वर या. मॉनिटर बंद करून चालू करा. डिस्प्लेपोर्टवर काही मॉनिटर झोपेतून उठताना स्वतःची ओळख द्यायला उशीर करतात, एकदा एचडीएमआय केबल लावून पाहिली की हे निकालात निघतं. यापलीकडे प्रश्न बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल, तर त्याचं गणित समजून घ्या. एस-३ मध्ये कार्डाची वीज जाते, म्हणजे कार्डाच्या मेमरीत जे होतं ते पुसलं जातं. ते झोपेआधी कुठेतरी उतरवून ठेवावं लागतं आणि उठल्यावर परत भरावं लागतं. ते नीट झालं नाही तर काळा पडदा, नाहीतर उठल्यावर फाटलेली, रंगांच्या चिंध्या झालेली चित्रं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, 'एनव्हिडिया-सस्पेंड' आणि 'एनव्हिडिया-रिझ्यूम' या सेवा 'एनेबल्ड' हव्यात, 'सिस्टमसीटीएल स्टेटस' ने पाहा. दोन, ड्रायव्हरचा 'एनव्हीरेग_प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीअलोकेशन्स' हा पर्याय १ हवा. याचं खरं स्पेलिंग /प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/पॅराम्स या फाइलमध्ये 'प्रिझर्व्ह' शोधलंत की सापडेल (पुढचं 'एनव्हीरेग_' तिथे नसतं, त्यातली फक्त एन आणि व्ही कॅपिटल) आणि सध्याची किंमतही तिथेच दिसेल. ० असेल तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये पर्याय लिहायचा, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) नव्याने बनवायचं आणि रीबूट.

यात लोक अडकतात ती जागा वेगळीच. वेगळं सांगितलेलं नसेल तर हा उतरवलेला माल ड्रायव्हर /टीएमपी मध्ये ठेवतो, आणि फेडोरा, आर्च आणि २०२५ च्या डेबियन १३ वर /टीएमपी ही रॅममध्येच असते. आठ जीबीचं कार्ड आणि भरलेली रॅम असेल तर तो माल मावणार कुठे? 'एनव्हीरेग_टेम्पररीफाइलपाथ' ला (स्पेलिंग त्याच पॅराम्स फाइलमध्ये) /व्हार/टीएमपी द्या, आणि त्या डिस्कवर कार्डाच्या मेमरीएवढी, वर थोडी अधिक, जागा मोकळी ठेवा.

२०२४ च्या जूनमध्ये आलेल्या सिस्टमडी २५६ पासून झोपेआधी वापरकर्त्याची सगळी सेशन थिजवली जातात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी याचं पटलं नाही, आणि काळ्या पडद्याच्या तक्रारी आल्या. बऱ्याच डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांनी) ड्रायव्हरच्या पॅकेजमध्येच तोड घातली आहे. नसेल तर 'सिस्टमडी-सस्पेंड' सेवेला 'सिस्टमडी_स्लीप_फ्रीझ_यूझर_सेशन्स=फॉल्स' हे एन्व्हायर्नमेंट द्यावं लागतं. 'फॉल्स' सोडून बाकी सगळं कॅपिटलमध्ये.

एएमडीच्या कार्डांवर अशा सेवांची गरज नसते, ड्रायव्हर कार्डाची मेमरी स्वतःच मुख्य रॅममध्ये हलवतो. पण रॅममध्ये जागा हवी. ब्राउझरचे चाळीस टॅब उघडे असताना झोपत नाही आणि सगळं बंद केल्यावर झोपतं, असं असेल तर कारण हेच. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, वाढवा.

आता खरंच मेलेलं मशीन. नमलॉक नाही, पिंग नाही, लॉगही एंट्रीवर थांबलेला. इथे कर्नलची स्वतःची चाचणी कामाला येते:

इको डिव्हाइसेस | सुडो टी /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट
सिस्टमसीटीएल सस्पेंड

'पीएम_टेस्ट' लावल्यावर कर्नल झोपेच्या जिन्याने ठरलेल्या पायरीपर्यंतच उतरतो, पाच सेकंद थांबतो आणि वर येतो. पायऱ्या क्रमाने अशा: फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. फ्रीझरपासून सुरू करा आणि एकेक पायरी खाली जा. फ्रीझरवर अडकलं तर एखादा प्रोग्रॅम. डिव्हाइसेसवर अडकलं तर ड्रायव्हर, आणि मग संशयित मॉड्यूल (कर्नलला जोडलेला ड्रायव्हरचा तुकडा) 'मॉडप्रोब -आर' ने काढून पुन्हा तीच पायरी: आधी वायफाय, मग ब्लूटूथ, मग बाहेरून आणलेली मॉड्यूल, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची वगैरे. प्लॅटफॉर्मवर किंवा त्याखाली अडकलं तर बायोस आणि एसीपीआयकडे (बायोस आणि कर्नल यांच्यातल्या वीज-व्यवस्थेच्या नियमांकडे) बोट जातं. सगळ्या पायऱ्या पार पडल्या पण खऱ्या झोपेतून उठत नाही, तर गडबड फर्मवेअरमध्ये किंवा विजेत, लिनक्सच्या सेटिंग खरवडण्यात अर्थ नाही. चाचणी झाली की त्याच फाइलमध्ये 'नन' (एन-ओ-एन-ई) लिहा, नाहीतर मशीन दर वेळी पाच सेकंदांत उठेल आणि तुम्ही पुन्हा वेकअपची यादी तपासत बसाल.

'पीएम_ट्रेस' नावाचं याहून जालीम हत्यार आहे. ते अडकलेल्या जागेची खूण घड्याळाच्या चिपमध्ये लिहून ठेवतं, कारण रीस्टार्टनंतर टिकणारी तेवढीच जागा असते. पुढच्या बूटला 'डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी) मध्ये 'हॅश मॅचेस' शोधलं की डिव्हाइस सापडतं. किंमत अशी की घड्याळाची तारीख भलतीच होते. डेटाबेस किंवा टॅली चालणाऱ्या मशीनवर करू नका.

एनव्हीएमई डिस्कही संशयितांत धरा. ती उठली नाही तर पडदा येतो, माउस हलतो, पण कुठलाही प्रोग्रॅम उघडत नाही, आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते. आधी डिस्कचं फर्मवेअर आणि बायोस अपडेट, मग एका बूटपुरतं 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' लावून पाहा.

कर्नल बदलून पाहणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग, आणि लोक तो शेवटी करतात. ग्रबच्या मेन्यूत जुना कर्नल असतोच. त्यावर झोप चालत असेल तर तुमच्या सेटिंग निर्दोष आहेत. मशीन नवं आणि डिस्ट्रो जुना असेल तर उलट, लाइव्ह यूएसबीवरून ताज्या कर्नलची डिस्ट्रो चालवा आणि तिथे सस्पेंड करा.

हार्डवेअर

उठवल्यावर पंखा गर्रकन फिरतो, थांबतो आणि मशीन थेट नव्याने बूट होतं, हे ड्रायव्हरचं लक्षण नाही. रॅममधलं टिकलं नाही किंवा बोर्डाला रॅम परत जागी करता आली नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करून पाहा. दिवसभर स्थिर चालणारी रॅम एस-३ मधून उठताना घसरते, हे आश्चर्य नाही. तरीही तसंच होत असेल तर एसएमपीएस. जुन्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये स्टँडबाय लाइनचे कपॅसिटर आधी वाळतात, कारण मशीन बंद असलं तरी ती लाइन चोवीस तास चालू असते. मित्राचा एसएमपीएस एका संध्याकाळपुरता लावून पाहणं हे कुठल्याही लॉगपेक्षा जास्त सांगतं.

उठल्यावर काहीतरी मागे राहिलं तर

वायफाय आलं नाही, आवाज गेला, यूएसबीचं एखादं कार्ड दिसेना. मॉड्यूल काढून पुन्हा घातल्यावर ठीक होत असेल, तर तेच काम आपोआप करवून घ्या. /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप या फोल्डरमधली चालवण्याजोगी स्क्रिप्ट सिस्टमडी झोपेआधी 'प्री' आणि उठल्यावर 'पोस्ट' असा शब्द देऊन चालवतं. 'प्री' वर मॉड्यूल काढा, 'पोस्ट' वर घाला. हा जुगाड आहे आणि जुगाड म्हणूनच वापरावा, पुढच्या मोठ्या कर्नल अपडेटनंतर स्क्रिप्ट बाजूला ठेवून पाहावं, गरज संपलेली असू शकते.

वीज जात असेल तर

लोडशेडिंगच्या गावात राहणाऱ्याने डेस्कटॉप एस-३ मध्ये ठेवून बाहेर जाणं म्हणजे उघडं काम नशिबावर सोडणं. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला नाही. यावर लिनक्समध्ये चांगली सोय आहे आणि फार कमी लोक ती वापरतात:

सिस्टमसीटीएल हायब्रिड-स्लीप

यात रॅममधलं सगळं आधी डिस्कवरच्या स्वॅपमध्ये लिहिलं जातं आणि मग मशीन एस-३ मध्ये जातं. वीज टिकली तर दोन सेकंदांत उठतं. गेली तर पुढच्या वेळी डिस्कवरून सगळं परत येतं, थोडा वेळ लागतो इतकंच. अट एक: हायबरनेट (रॅम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करणं) आधी चालत असलं पाहिजे. त्यासाठी खऱ्या डिस्कवरचा पुरेसा मोठा स्वॅप हवा, रॅमएवढा धरून चाला. झेडरॅमचा स्वॅप यात मोजू नका, तो रॅममध्येच असतो. बऱ्याच ठिकाणी कर्नलला 'रिझ्यूम' पॅरामीटरने स्वॅपचा पत्ता सांगावा लागतो, आणि स्वॅप विभाजनाऐवजी फाइलमध्ये असेल तर 'रिझ्यूम_ऑफसेट' ही. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर बहुतेक डिस्ट्रोंचा कर्नल हायबरनेटला सरळ नकार देतो, मग एकाची निवड करावी लागते.

छोटा यूपीएस असेल तर एवढा खटाटोप नको. झोपलेल्या डेस्कटॉपला इतकी कमी वीज लागते की चालू मशीनला दहा मिनिटं पुरणारा यूपीएस त्याला बराच वेळ तारून नेतो. फक्त मॉनिटर आणि राउटर त्याच यूपीएसवर लावू नका.

एवढं करूनही सुटलं नाही तर बग नोंदवा, पण 'स्लीप चालत नाही' असं लिहून नाही. मदरबोर्डचं नाव आणि बायोसची आवृत्ती, चालणारा शेवटचा कर्नल आणि न चालणारा पहिला, मेम_स्लीपचं उत्तर, पीएम_टेस्ट कोणत्या पायरीवर अडकलं, आणि एंट्रीपासून पुढचा लॉग. एवढं हाती असेल तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याला पहिल्याच उत्तरात कामाचा प्रश्न विचारता येतो.